पैसे खाल्ले नाहीत, तरी मंडळीचा विश्वास का उडाला?

“मी एक रुपयाही खाल्लेला नाही. मग अर्पणाची थैली फिरताना लोक एकमेकांकडे का बघतात?” ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) पुढाऱ्यांकडून हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. खालचं प्रकरण प्रातिनिधिक आहे.

तालुक्याच्या गावातले तरुण पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. चर्चच्या पत्र्यांसाठी 86,400 रुपये वर्गणी जमली. चर्चच्या खात्याचा क्यूआर कोड नव्हता, म्हणून 52,900 पाळकांच्या स्वतःच्या नंबरवर आले. बाकी 33,500 रोख. पत्रे आणि मजुरीत 71,200 गेले, बिलं होती. त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका घरी अचानक ऑपरेशन निघालं. पाळकांनी कुणाला न विचारता 12,000 देऊन टाकले. उरलेले 3,200 खात्यात पडून. चोरी नव्हतीच. पण त्याच खात्यातून घरचा किराणा जात होता, गॅस सिलिंडरही. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार?

बायबलमध्ये, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमलेली देणगी प्रेषित पौलाने एकट्याने हाताळली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ (विश्वासू बांधव) दिला. कारण 2 करिंथ 8:20-21 मध्ये आहे: कुणी दोष लावू नये, आणि व्यवहार प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावा. हे वाचून पाळक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “देव जाणतो, एवढ्यावरच मी भागवत होतो.”

येत्या रविवारी उपदेशातच खुलासा करायचं त्यांच्या मनात होतं. तो बेत सोडायला सांगितला. उपदेशाला उलट प्रश्न विचारता येत नाही. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याने लोकांना विचारलं, ‘मी कुणाचा बैल घेतला?’ (1 शमुवेल 12:3), तेव्हा त्यांना उत्तर द्यायला जागा ठेवली होती.

म्हणून खुलासा कमिटीपुढे ठरला: तारखेवार जमाखर्चाचा एक कागद, सोबत बँक स्टेटमेंट. 12,000 च्या ओळीपुढे ‘वैद्यकीय मदत, परवानगीशिवाय’. हा शेवटचा शब्द लिहिताना त्यांचा हात अडला. दोनदा खोडून ‘तातडीची’ लिहून पाहिलं. रुग्णाचं नाव कागदावर नाही, फक्त मंडळीच्या दोन वडिलांना (ज्येष्ठ कारभाऱ्यांना) सांगितलं. 3,200 त्याच दिवशी चर्चच्या खात्यात. 12,000 पाळकांच्या मानधनातून, दरमहा 2,000 प्रमाणे सहा महिने. रुग्णाच्या घरी वसुली नाही.

पुढची घडी अशी बसवली. उपासना संपताच व्हेस्ट्रीत (चर्चमधल्या लहान खोलीत) दोघांनी अर्पण मोजायचं, आणि ते दोघे नात्यातले नकोत (लहान मंडळ्यांत नवरा खजिनदार, बायको सेक्रेटरी हे सर्रास चालतं). 500 च्या किती, 100 च्या किती, चिल्लर किती, चिठ्ठीवर दोन सह्या. सोमवारी सगळी रक्कम बँकेत. थैलीतूनच फुलांचे, पेट्रोलचे पैसे परस्पर देऊ नयेत. हिशेब बिघडतो तो बहुधा इथे, कारण खर्च झालेली रक्कम जमेत कधी येतच नाही. चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्या तिघांत पाळक नाहीत. क्यूआर कोड चर्चच्या नावाचा. महिन्याचा हिशेब दाराजवळच्या फळ्यावर.

पहिले दोन महिने काही बदललं नाही. उलट “आता का दाखवताय?” असंही ऐकावं लागलं. तिसऱ्या महिन्यात मोजणीत 40 रुपये कमी भरले. खजिनदार खिशातून घालायला निघाले, पाळकांनी थांबवलं. फळ्यावर लिहिलं गेलं: ‘40 रुपये तूट, कारण सापडलं नाही.’ पुढच्या रविवारी मोजायला, सगळ्यांत जास्त कुरकुर करणारे वडील आपणहून व्हेस्ट्रीत येऊन बसले.