मॅन्युअलवरून डिझाइन डॉक्युमेंट तयार करता येईल?

प्रश्न : पतसंस्थांच्या पिग्मी ठेवींसाठी (एजंटमार्फत रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवी) आमचं सॉफ्टवेअर आहे. युजर मॅन्युअल वर्डमध्ये आहे, काही जुनी प्रकरणं स्कॅन केलेली. ग्राहक आता डिझाइन डॉक्युमेंट, म्हणजे सॉफ्टवेअर आतून कसं बांधलंय ते सांगणारा दस्तऐवज, मागतोय. एआयकडून ते मॅन्युअलवरूनच करून घेता येईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कच्चा मसुदा नक्की निघेल. खरी मेहनत आहे ती मॅन्युअलमध्ये नसलेलं काही त्यात शिरू न देण्याची.

आधी वर्डची फाइल पॅनडॉक या फाइल-रूपांतराच्या प्रोग्रामने मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी रचना दाखवणारा मजकूर) आणा. शीर्षकं हेडिंग स्टाइलऐवजी नुसती ठळक केलेली असतील, तर प्रकरणांची रचना हरवते. ती आधीच दुरुस्त करा. जुन्या प्रकरणांचं स्कॅनिंग 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके) असावं आणि टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी, इंग्रजी दोन्ही भाषा निवडाव्यात. वर्डमधला जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर (फॉन्ट बदलला की अक्षरं बिघडतात तो) कन्व्हर्टरमधून काढल्याशिवाय वापरूच नका.

मग प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या आणि एआय मॉडेलला एका वेळी एकच प्रकरण द्या. सगळं एकदम दिलं की मधले अपवाद सुटतात. थेट डॉक्युमेंट मागू नका, तक्ता मागा : कोण करतो, काय करतो, कोणती माहिती लागते, नियम काय, मूळ वाक्य आणि परिच्छेद क्रमांक. ‘उल्लेख नाही’ हे उत्तर चालेल असं स्पष्ट लिहा, नाहीतर रिकामी जागा मॉडेल अंदाजाने भरतं. मूळ वाक्य त्या परिच्छेदात खरंच आहे का, हे छोट्या स्क्रिप्टने तपासा. ‘सभासद’, ‘ठेवीदार’, ‘ग्राहक’ एकच की वेगळे, हे मात्र संस्थेच्या माणसालाच विचारा. त्यानंतरच प्लांटयूएमएलच्या (लिहिलेल्या मजकुरावरून आकृती काढणारं साधन) आकृत्या काढा.

मॅन्युअल सांगतं, ‘सिंक दाबा’, म्हणजे मोबाइलवरच्या नोंदी सर्व्हरला पाठवा. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात रेंज गेली आणि तीच पावती दोनदा पाठवली गेली, तर? पावतीचा क्रमांक मोबाइलवर तयार होतो की सर्व्हरवर? डिझाइन नेमकं इथे असतं आणि मॅन्युअल इथे गप्प असतं. नावांचंही तसंच : जुन्या पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमुळे एकच ‘नाईक’ रोमनमध्ये दोन तऱ्हांनी येतो, मग शोध कशावर चालतो? अशा जागांची यादी करून ती डेव्हलपरकडून भरून घ्या.

आणखी एक. तुमचं सॉफ्टवेअर चालू आहे, तेव्हा टेबलांची रचना मॅन्युअलवरून ओळखायची गरजच नाही. ती थेट डेटाबेसमधून काढा आणि वरच्या तक्त्याशी ताडून पाहा. मॅन्युअलमधल्या एखाद्या रकान्याला डेटाबेसमध्ये जागा सापडली नाही, तर तो हिशेबाने काढलेला आहे की मॅन्युअलच जुनं झालंय, हे कोड उघडून ठरवा.