कोळंबी खाल्ली तर काही होत नाही, मग सोलताना दम का लागतो?

तुम्ही विचारलंय की आई कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाते, शिफ्ट संपता संपता खोकला आणि छातीत घरघर सुरू होते. पण घरी कोळंबीचं कालवण खाऊन काहीच होत नाही, तर ही अ‍ॅलर्जी कशी?

असू शकते. रत्नागिरीकडे एका प्रक्रिया कारखान्यात क्वालिटीचं काम करताना मी अशा बायका पाहिल्यात. कोळंबी-खेकड्यात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, शिजवलं तरी ते टिकतं. डोकं-टरफल काढताना, जोराच्या पाण्याने ओटे धुताना, खेकडे उकळताना त्याचे कण तुषारांबरोबर हवेत जातात. श्वासातून अ‍ॅलर्जी जडलेल्या काहींना तेच खाऊन काही होत नाही. मात्र खाताना ओठ-घसा खाजायला लागला तर कालवण बंद.

कॅनडातल्या मॅग्डालेन बेटांवर खेकड्याच्या कारखान्यांतले ३०३ कामगार तपासले होते. १९८४ साली छापलेल्या त्या अभ्यासात साधारण १५ टक्क्यांना कामामुळे दमा निघाला. तेव्हा ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं बिनतक्रार काम केल्यावरही हे सुरू होतं.

शेडमध्ये ‘मेटा’ वापरतात का, तेही विचारा. कोळंबी काळी पडू नये म्हणून ती सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. ती बहुतेकदा अ‍ॅलर्जी नसते, पण दमेकऱ्याची छाती लगेच आवळते.

दम फारच लागत असेल तर आजच काम थांबवून दवाखाना गाठा. नाहीतर काम सोडायच्या आधी छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र, घ्या. तीन-चार आठवडे, सुट्ट्या धरून, दिवसातून चारदा फुंकून आकडा लिहायचा. कामाच्या दिवशी आकडा उतरतो आणि सुट्टीत चढतो असं दिसलं, तर तो मोठा पुरावा. काम सुटल्यावर तो मिळवणं अवघड.

तोंडाला बांधलेल्या ओल्या रुमालाचा उपयोग नाही. पंप घेत त्याच ओट्यावर बसणंही धोक्याचं. दमा कायमचा जडू शकतो. सोलण्याऐवजी पॅकिंगला बदली मागा. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचे पैसे, कापत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना ‘कामामुळे’ हा शब्द केसपेपरवर लिहायला लावा, कारण कामामुळे होणारा दमा कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहे. ठेकेदार तिथे नाव लावतच नाही, ही आपल्याकडची खरी रड. आधी तेवढं तपासा.