वाचकांचे प्रश्न : मार्माइट, क्रम्पेट आणि पुडक्यातला पाव

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या किंवा मुलांकडे काही महिने राहून आलेल्या वाचकांकडून तिथल्या न्याहारीविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या अंकात त्यांची उत्तरे एकत्रच देत आहोत.

प्रश्न : सध्या मी मँचेस्टरला मुलाकडे राहते. नातवाच्या न्याहारीसाठी घरात मार्माइटची बरणी असते. काकवीसारखे दिसले म्हणून मी चमचाभर तोंडात घातले आणि लगेच चूळ भरावी लागली. हा पदार्थ कशापासून बनतो? त्यात दारू असते का आणि तो शाकाहारात बसतो का?

उत्तर : चमचाभर मार्माइट नुसते खाल्ले तर जन्माने इंग्रज असलेल्या माणसाचेही तोंड वाकडे होईल, तेव्हा आपल्या जिभेला दोष देऊ नये. मार्माइट हा बिअरच्या धंद्याचा जोडधंदा आहे. बिअर आंबवून झाली की भट्टीत यीस्टचा मोठा साका उरतो. तो घट्ट करून खाण्याजोगा करता येतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. पुढे 1902 साली स्टॅफर्डशायरमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी मार्माइटची कंपनी निघाली. बर्टन हे बिअरचे माहेरघर असल्यामुळे बास या प्रसिद्ध भट्टीचे यीस्ट कारखान्याला आयतेच मिळू लागले. या साक्यात मीठ घालून तो ऊन ठेवला की यीस्टच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातीलच पाचक द्रव्ये त्यांच्या प्रथिनांचे तुकडे करतात. मग पेशींची टरफले गाळून काढतात आणि उरलेला रस आटवून घट्ट करतात. प्रथिनांच्या या विघटनातून ग्लुटामेट मोकळे होते आणि मटणाच्या रश्शाची आठवण करून देणारी चव मांसाचा कणही नसताना येते. बरणीतील पदार्थ ही दारू नव्हे, आणि तो पूर्णपणे शाकाहारी आहे. मात्र त्यात जव आणि गहू यांचा अंश असल्यामुळे ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी तो टाळावा. फडताळात त्याच्या शेजारी साधारण तशाच घाटाची बोव्हरिलची बरणी उभी असते, तिच्यात मात्र गोमांसाचा अर्क असतो. शाकाहारी घरात सामान लावताना एवढी काळजी अवश्य घ्यावी.

बिअरवरचे हे अवलंबित्व 2020 साली सगळ्यांच्या लक्षात आले. महामारीत पब बंद पडले, बिअरचे उत्पादन घटले आणि यीस्टचा तुटवडा होऊन काही काळ मार्माइटच्या 250 ग्रॅमच्या बरण्याच तेवढ्या तयार होत होत्या.

आता खाण्याची रीत सांगतो. पाव खरपूस भाजावा आणि गरम असतानाच त्याला कडेपर्यंत लोणी लावावे. लोणी अर्धवट विरघळले की सुरीच्या टोकावर तुरीच्या दाण्याएवढे मार्माइट घेऊन ते लोण्यातच ओढत न्यावे, म्हणजे टोस्टवर तपकिरी रेघा उमटतील आणि मधून मधून पिवळे लोणी दिसत राहील. सगळा पृष्ठभाग काळा दिसू लागला तर ते जास्त झाले असे समजावे. हा पदार्थ एक तर फार आवडतो किंवा मुळीच आवडत नाही, या कल्पनेवर कंपनीने 1996 पासून आपली जाहिरात उभारली. जाहिरात गाजली खरी, पण माझ्या मते तिने या पदार्थाचे थोडे नुकसानच केले, कारण आवडनावड जन्मजात असते असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात मार्माइट न आवडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे प्रमाण चुकलेले असते.

प्रश्न : मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांना मार्माइट औषध म्हणून दिले जात होते, असे वाचण्यात आले. ही दंतकथा आहे की त्यात काही तथ्य आहे?

उत्तर : ही दंतकथा नाही, वैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्याची पक्की नोंद आहे. लूसी विल्स या इंग्रज संशोधक 1928 साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एका विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होत असे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी होत आणि अनेकदा बाळंतपणात स्त्रीच्या जिवावर बेतत असे. रोगजंतूचा शोध निष्फळ ठरला, तेव्हा विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळवले. यकृताचा अर्क देऊन असा पंडुरोग बरा करता येई, परंतु तो महाग होता. प्राण्यांवरील प्रयोगांत, विशेषतः निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांवर, स्वस्त मार्माइटचा गुण दिसून आल्यावर त्यांनी ते रुग्णांना दिले आणि स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारले. हे निष्कर्ष 1931 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. मार्माइटमधील त्या अज्ञात द्रव्याला बरीच वर्षे विल्स यांच्याच नावाने ओळखले जात होते. आज आपण त्याला फोलिक आम्ल म्हणतो आणि गरोदरपणाच्या सुरुवातीपासून, शक्यतो त्याआधीपासूनच, ते गोळीच्या रूपात घेतले जाते.

या कथेचा धागा पुढे पावापर्यंत जातो. गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी मैद्यात फोलिक आम्ल मिसळणे बंधनकारक करण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने 2021 साली जाहीर केला. तिथल्या मैद्यात कॅल्शियम, लोह आणि ब गटातील दोन जीवनसत्त्वे मिसळण्याचा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

प्रश्न : लीड्सच्या एका दुकानातून क्रम्पेट आणले. वरून अगदी पांढरे आणि भोकाभोकांचे, चवीला ओलसर आणि कच्चे. आंबोळी एकाच बाजूने भाजून विकायला ठेवावी तसा हा प्रकार वाटला. माल खराब होता का?

उत्तर : माल चांगला होता, फक्त आपण तो अर्ध्या वाटेवर खाल्लात. दुकानातला क्रम्पेट घरी पुन्हा भाजायचा असतो, त्यामुळे तो मुद्दामच फिका ठेवतात. आंबोळीची उपमा मात्र चपखल आहे. मैद्याचे सरसरीत पीठ यीस्ट घालून फुगवतात, भाजण्याच्या जरा आधी त्यात खाण्याचा सोडा घालतात आणि तव्यावर ठेवलेल्या धातूच्या कड्यांत ओततात. आच मंद असते आणि ती फक्त खालून मिळते. पिठातील वायू वर चढत जातो, वाटेत उभ्या नळ्या तयार करतो आणि पृष्ठभागावर फुटतो, त्याचीच ही जाळी. पीठ घट्ट झाले तर बुडबुडे आतच अडकतात आणि जाळी पडत नाही, फार पातळ झाले तर ते कड्याखालून पसरते. मिडलँड्स आणि यॉर्कशायरकडे हेच पीठ कड्याशिवाय तव्यावर टाकून पाइकलेट नावाचा चपटा प्रकारही करतात.

घरी आणल्यावर क्रम्पेट कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजावा आणि जरा जास्तच वाटेल इतके लोणी त्यावर ठेवावे. ते नळ्यांतून खाली झिरपते आणि चावताना हातावर ओघळते. येथे हात राखून लोणी लावण्यात काही अर्थ नाही. मार्माइटही क्रम्पेटवर टोस्टपेक्षा सौम्य लागते, कारण ते लोण्याबरोबर आत उतरते आणि जिभेवर एकदम येत नाही. पहिल्यांदा चाखणाऱ्याने टोस्टऐवजी येथूनच सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : ब्रिटनमधील पुडक्यातला पाव इतका मऊ असतो की दाबला तर त्याचा गोळा होतो आणि खाताना टाळूला चिकटतो. शेजारच्या फ्रान्समध्ये उत्तम पाव मिळत असताना या लोकांना हा कसा आवडतो?

उत्तर : याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजांतील जागा वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये 1942 साली ‘नॅशनल लोफ’ नावाचा करडा, जाडाभरडा पाव सक्तीचा झाला आणि तो 1956 पर्यंत टिकला. युद्ध चालू असताना पावावर रेशनिंग नव्हते, पण युद्ध संपल्यावर, 1946 ते 1948 या काळात, तेही आले. इतकी वर्षे करडा पाव खाल्लेल्या पिढीला पांढरा मऊ पाव सुबत्तेचे लक्षण वाटला, तर त्यात नवल नाही.

दुसरे कारण तांत्रिक आहे. ब्रिटनच्या दमट हवेत पिकणाऱ्या गव्हात प्रथिने कमी असतात, त्यामुळे बेकऱ्यांना कॅनडाचा कडक गहू आयात करावा लागे. हर्टफर्डशायरमधील चॉर्लीवुड येथील संशोधकांनी 1961 साली यावर तोड काढली. कणीक तासन्तास आंबवत ठेवण्याऐवजी शक्तिशाली यंत्रात काही मिनिटेच जोराने तिंबायची आणि तिच्यात जादा यीस्ट, थोडी घट्ट चरबी व क जीवनसत्त्व घालायचे. पिठापासून कापलेल्या, पुडक्यात बांधलेल्या पावापर्यंतचा प्रवास या रीतीने सुमारे साडेतीन तासांत होतो आणि देशी गहूही चालून जातो. आज ब्रिटनमधील साधारण चार पंचमांश पाव असाच तयार होतो. पीठ निवांत आंबले नाही, तर पावाला स्वतःची चव फारशी येत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

नुसता खाण्यासाठी या पावाची शिफारस मी करणार नाही. परंतु त्याला नुसत्या चवीवर जोखणे अन्यायाचे आहे, कारण तो बहुधा नुसता खाल्लाच जात नाही. त्याची बारीक, एकसारखी जाळी टोस्टरमध्ये सगळीकडे सारखी भाजली जाते आणि लोणी न गळता धरून ठेवते. खारट, उग्र मार्माइटला असा निमूट पावच लागतो. आंबट चवीच्या, जाड कवचाच्या पावावर तेच मार्माइट मला तरी कर्कश वाटले. आपल्याला मऊपणा सोसत नसेल, तर जाड कापलेले पुडके घेऊन पाव नेहमी भाजूनच खावा, किंवा गावातल्या छोट्या बेकरीतून अख्खा पाव आणावा.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा आहे आणि मला स्वतःला रक्तदाब आहे. आम्ही दोघांनी मार्माइट रोज खाल्ले तर चालेल का?

उत्तर : मार्माइटच्या वजनाचा सुमारे दहावा भाग मीठ असते. ब्रिटिश आरोग्य खात्याच्या सल्ल्यानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ जाऊ नये, आणि पाव व चीज यांतूनही ते जातच असते. त्यामुळे नातवाला टोस्टवर केवळ एक पुसट रेघ पुरे. आपल्यासाठी कमी मिठाची बरणी मिळते, तरी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. नैराश्यावरील जुन्या औषधांपैकी मोनोअमाइन ऑक्सिडेज इन्हिबिटर गटातील औषध घरात कोणी घेत असेल, तर त्या व्यक्तीने मार्माइट अजिबात खाऊ नये, कारण त्यातील टायरामीनमुळे रक्तदाब अचानक धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो.