फोन ‘फिरवायचा’ म्हणजे काय फिरवायचं?

प्रश्न: मोबाइलवर नुसतं बोट टेकवतो, तरी घरात सगळे ‘जरा फोन फिरव’ म्हणतात. माळ्यावर जुना काळा तबकडीचा फोन आहे. तो चालायचा कसा? आज लावला तर चालेल का?

उत्तर: गंमत अशी, की तबकडी फिरवताना नंबर जातच नसे. भोकात बोट घालून ती आडकाठीपर्यंत नेली की आतली स्प्रिंग ताणली जाते. बोट काढल्यावर तबकडी मागे येते आणि त्या परतीत लाइनचा प्रवाह मोजून तुटतो: १ ला एकदा, ९ ला नऊदा, ० ला दहादा. वेग सेकंदाला साधारण १० ठोके. बोट कधी सावकाश जाणार, कधी घाईत. स्प्रिंग मात्र एका चालीने परतते, म्हणून मोजणी परतीवर. अनेकांना तबकडी बोटाने मागे ढकलायची खोड असे. मग राँग नंबर लागायचा आणि खापर एक्स्चेंजवर फुटायचं.

तपासायचं तर ० फिरवून सोडा. परतीला सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागायला हवा. तबकडी रेंगाळली तर आतलं वंगण वाळलंय. पण सरसकट तेल सोडू नका. वेग आवरणारा गव्हर्नर घर्षणावर चालतो. त्याला तेल लागलं की तबकडी सुसाट सुटते आणि मोजणी चुकते. फोन उघडण्याआधी लाइन काढा. घंटी वाजताना तारेत साधारण ७५ व्होल्ट असतात, चांगलाच झटका बसतो.

फायबर इंटरनेटच्या डब्याला जोडलात तर आलेला फोन बहुधा घेता येईल. बाहेर लागेलच असं नाही, कारण बऱ्याच डब्यांना हे ठोके कळत नाहीत. अशा वेळी मध्ये पल्स-टू-टोन कन्व्हर्टर, म्हणजे ठोक्यांचे बटणाच्या फोनसारखे सूर करणारा जोड, बसवावा लागतो.

‘फोन ठेवला’ हेही त्याच घरातलं: रिसीव्हरच्या वजनाने खटका दबे आणि लाइन तुटे.

प्रश्न: ईमेलमधलं ‘सीसी’ कुठून आलं?

उत्तर: टाइपरायटरवरून, सीसी म्हणजे कार्बन कॉपी. दोन कागदांमध्ये कार्बन, म्हणजे एका बाजूला शाई असलेला कागद, ठेवायचा, शाईची चकचकीत बाजू खाली. उलटा बसला तर मजकूर वरच्याच कागदाच्या पाठीवर आरशातल्यासारखा उमटतो आणि खालची प्रत कोरी निघते. प्रतींना पातळ कागद वापरत, तरी चौथी-पाचवी फिकटच. एक अक्षर चुकलं की प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडायचं. प्रती किती हव्यात ते आधीच विचारून घेत आणि तेवढेच कागद यंत्रात चढवत.