डीओसीची ॲनिव्हर्सरी कुठून मोजायची? ऑक्टोबर विसरा, 2 ऑगस्ट बघा

मेल वाचला. असे तीन-चार मेल येऊन गेलेत, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. प्रश्न विचारणारे गंगापूर रोडचे दोघे भाऊ, द्राक्ष एक्स्पोर्टमधला पैसा घालून प्रायव्हेट लिमिटेड काढली, एक सेकंडहँड कार्गो जहाज घेतलं, 2,900 जीटीचं (ग्रॉस टनेज, जहाजाच्या आकाराचं माप), कोलंबोच्या फेऱ्या मारतं. मुंबईचा मॅनेजर सगळं बघायचा, पेमेंटवरून वाजलं आणि मे महिन्यात तो फाइली घेऊन निघून गेला. आता यांचं म्हणणं, नाशिकला केस टाकून फाइली परत मिळवायच्या का, आणि डीओसीच्या वार्षिक ऑडिटला 20 ऑक्टोबरपर्यंत टाइम आहे ना?

टाइम नाहीये. बाकी सगळं नंतर, आधी हे.

तुम्ही डीओसीचा, म्हणजे डॉक्युमेंट ऑफ कम्प्लायन्सचा, कंपनी जहाज सेफ्टीच्या नियमांनी चालवते या सर्टिफिकेटचा, स्कॅन पाठवलाय. त्यावर इश्यूची तारीख 20 जुलै, ती धरून तुम्ही पुढचे तीन महिने मोजलेत. जरा वरची ओळ वाचा, व्हॅलिडिटी 2 मे 2028. ऑडिट मेमध्ये संपलेलं, मुदत तिथून धरलीय, कागद हातात जुलैत आला. आयएसएम कोडमध्ये, म्हणजे जहाजं सुरक्षित चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, ॲनिव्हर्सरी डेट म्हणजे एक्स्पायरीच्या तारखेचा दिवस आणि महिना, इश्यूचा नाही. म्हणजे तुमची ॲनिव्हर्सरी 2 मे, ॲन्युअल व्हेरिफिकेशन, म्हणजे हेच वार्षिक ऑडिट, त्याच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांत, म्हणजे 2 ऑगस्टच्या आत. आज 17 जुलै आहे. सोळा दिवस राहिलेत आणि तुम्ही मला मॅनेजरबद्दल चार पानं लिहिलीत.

आणि "सर्टिफिकेट 2028 पर्यंत चालू आहे" हे परत म्हणू नका. पाच वर्षं पुढच्या बाजूला लिहिलेली असतात, दरवर्षीचा सही-शिक्का मागच्या बाजूला येतो, आणि तुमच्या स्कॅनमध्ये या वर्षीचा चौकोन कोरा आहे. तुमच्या ट्रकचं आरसी चालू असून फिटनेस संपलं तर आरटीओ सोडतो का?

कोडचा 13.5 क्लॉज बघा. व्हेरिफिकेशन मागितलंच नाही किंवा मेजर नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियम पाळण्यातली मोठी त्रुटी, सापडली तर डीओसी काढून घेतात, आणि त्याच्यावर चालणारी जहाजाची एसएमसीसुद्धा (सेफ्टी मॅनेजमेंट सर्टिफिकेट, जहाजाचं स्वतःचं) त्याच्याबरोबर जाते. यातला "मागितलं नाही" हा शब्द महत्त्वाचा. म्हणून आजच लेखी अर्ज करा, ज्यांनी डीओसी दिलंय त्यांच्याकडेच, मेलवर पाठवा आणि उद्या पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला हातोहात कॉपी देऊन पोच घ्या, तारखेचा शिक्का दिसला पाहिजे. कुरियरवर सोडू नका, या पावसात कसारा घाटात काय होतं ते तुम्हाला माहितीये. अर्ज दिला म्हणजे सुटलो असं मात्र नाही, ऑडिटसुद्धा या विंडोच्या, म्हणजे 2 ऑगस्टच्या, आतच उरकायचं.

तुमच्या सीएने सुचवलंय की नवी कंपनी काढून इंटरिम, म्हणजे तात्पुरतं, डीओसी घेऊ. इंटरिम नव्या कंपनीसाठी किंवा नवीन प्रकारचं जहाज घेतलं तर असतं, जास्तीत जास्त बारा महिन्यांचं, आणि तेच मालक, तेच जहाज, तोच पत्ता बघून समोरचा काय समजायचं ते समजतो. अगदीच विंडो हुकली तर बघू, पण आज त्याच्या नादी लागू नका.

आता डीपीए, म्हणजे डेझिग्नेटेड पर्सन अशोर. तो मॅनेजरच होता, म्हणजे मेपासून तुमच्याकडे डीपीएच नाही! हे ऑडिटर पहिल्या दहा मिनिटांत पकडणार. पुतण्याचं नाव टाकू म्हणता, तो बीकॉम झालाय आणि कोल्ड स्टोरेज बघतो. अहो, 1987 साली झीब्रुगहून निघालेली फेरी पुढचे दरवाजे उघडे राहिल्यामुळे उलटली, 193 माणसं गेली, आणि चौकशीत निघालं की दरवाजे लागलेत का ते ब्रिजवर कळावं म्हणून दिवे बसवा असं कॅप्टन आधीपासून सांगत होते, ऑफिसने चेष्टा केली. पुढे हा कोड आला त्यामागे असेच अपघात होते, जहाजाचं म्हणणं थेट मालकापर्यंत नेणारा एक माणूस किनाऱ्यावर हवा, तोच डीपीए. नाशिकमध्ये मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले चीफ इंजिनिअर, कॅप्टन शोधले तर मिळतात, त्यातला एक पगारी धरा, नेमणुकीचं पत्र द्या, जहाजावर त्याचा नंबर लावा, रात्री दोनला फोन आला तर तो तुम्हाला उठवू शकला पाहिजे.

इंटर्नल ऑडिटचं, म्हणजे कंपनीने बारा महिन्यांत स्वतःच करायच्या तपासणीचं, तुम्ही हळूच विचारलंय, "मागच्या तारखेचा रिपोर्ट करून ठेवला तर?" नका करू. तुम्ही म्हणता ती फेब्रुवारीची तारीख, त्या दिवशी जहाज समुद्रात होतं, लॉगबुकमध्ये लिहिलेलं असणार. बारा महिने उलटले असतील तर तसं सांगा, अपवाद म्हणून तीन महिन्यांपर्यंत उशीर कोडमध्ये बसतो, कारण पटवून द्यावं लागेल. खोटा कागद सापडला तर प्रकरण ऑडिटचं राहणार नाही, फौजदारी होईल.

सेफ्टी मॅन्युअलची पानं पाठवलीत त्यात पान 41 वर भलत्याच जहाजाचं नाव आहे. कॉपी-पेस्ट केलेलं दिसतंय. हे तुमचं जहाज, तुमचे पंप, तुमचा क्रू असं लिहून घ्या, निदान इमर्जन्सी आणि मेंटेनन्सचे चॅप्टर तरी. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी नेमकं हेच काढतात, मरीन इन्शुरन्स ॲक्ट 1963 च्या कलम 41 मध्ये, जहाज प्रवासाला लायक नाही हे माहीत असून मालकाने पाठवलं तर टाइम पॉलिसीत (ठरावीक मुदतीच्या विम्यात) त्या कारणाने झालेलं नुकसान कंपनी देत नाही. तुमच्या पॉलिसीत नक्की काय अट आहे ते पॉलिसी बघितल्याशिवाय बोलणार नाही.

मॅनेजरवर केस? ॲग्रीमेंट पाठवा, त्यात बहुतेक आर्बिट्रेशन, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायची अट, असेल. सीबीएस बसस्टँडजवळच्या आपल्या नाशिकच्या कोर्टात दावा टाकलात तर 2 ऑगस्टपर्यंत समोरच्याला नोटीससुद्धा धड लागणार नाही. एक नोटीस मी काढतो, फाइली सात दिवसांत द्या म्हणून, दिल्या तर ठीक. तोवर क्रूकडून, क्लासकडून (जहाज तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था), जुन्या मेलमधून जेवढ्या कॉपी मिळतील तेवढ्या गोळा करा, आणि क्रूचा पगार थकवला असेल तर आधी तो द्या, पगाराचा बोजा थेट जहाजावर चढतो, हायकोर्टातून जहाज अरेस्ट करून घेता येतं.

अर्जाची पोच मिळाली की मला व्हॉट्सॲप करा, दोन्ही बाजूंचा फोटो.