'जाणीव', 'भान' की 'चैतन्य'?

अद्वैतावरील एका लेखाचे भाषांतर करताना एका वाचकाला असा प्रश्न पडला आहे : 'विचार येतात आणि जातात, अवेअरनेस मात्र कायम असतो' या वाक्यातील 'अवेअरनेस'साठी जाणीव, भान, सजगता आणि चैतन्य यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? माझ्या मते ते चालत नाहीत, आणि त्याचे कारण अध्यात्मात शोधण्याआधी व्याकरणात शोधावे.

'जाणीव' हा शब्द 'जाणणे' या सकर्मक क्रियापदापासून आला आहे आणि त्या क्रियापदाची कर्माची अपेक्षा त्याच्यातही उतरली आहे. जबाबदारीची जाणीव, वेदनेची जाणीव, चुकीची जाणीव असे म्हटले, की समोर एक वस्तू आणि अलीकडे तिला जाणणारा कोणी तरी असे दोघे आपोआप उभे राहतात. शिवाय जाणीव 'होते', म्हणजे ती आधी नव्हती. अद्वैताला ज्याविषयी बोलायचे आहे ते मात्र कोणाला होत नाही आणि कशाचेही नसते. गाढ झोपेतून उठलेला माणूस 'मला काहीच कळले नाही' असे सांगतो, तेव्हा त्या वेळी कोणत्याही वस्तूची जाणीव नव्हती हे खरे. पण काहीच न कळण्याची ती अवस्था ज्याच्या उजेडात होती ते तरी तेथे होतेच, असे वेदान्ती म्हणतात. त्यालाही 'जाणीव'च म्हटले, तर 'झोपेत जाणीव नसताना जाणीव होती' असे वाक्य लिहावे लागेल.

हीच अडचण शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या 'ईक्षतेर्नाशब्दम्' (1.1.5) या सूत्रावरील भाष्यात हाताळली आहे. सृष्टीपूर्वी जाणण्याजोगे काहीच नसताना ब्रह्माने 'पाहिले' असे श्रुती कशी म्हणते, असा तेथे आक्षेप आहे, आणि त्यावरचे उत्तर भाषेच्या अभ्यासकाला फार आवडावे असे आहे : उजळायला समोर काही नसले, तरी 'सूर्य प्रकाशतो' असे आपण म्हणतोच. मराठीतही 'प्रकाशणे' अकर्मक आहे आणि 'जाणणे' सकर्मक, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्या कानाला लगेच पटतो.

या कसोटीवर 'भान' हा शब्द मुळात सर्वांत जवळचा ठरतो, कारण तो 'भा', म्हणजे प्रकाशणे, या धातूचा आहे. परंतु मराठीने त्याला वेगळ्या वाटेने नेले. वेळेचे भान राखतात, गाण्यात भान हरपते, चूक कळल्यावर माणूस भानावर येतो. आणि जे हरपू शकते ते येथे अभिप्रेत नाही. 'सजगता' तर प्रयत्नाने ठेवावी लागते, त्यामुळे ध्यानाच्या सूचनांत ती योग्य असली तरी या वाक्यात बसत नाही.

'जाणीव' टाळण्याचे आणखी एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. अद्वैताचा उपदेश करणारे निसर्गदत्त महाराज (1897–1981) मुंबईत मराठीतून बोलत, आणि 1973 मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या इंग्रजी भाषांतरातून त्यांचे संवाद जगभर पोचले. त्या भाषांतरात 'कॉन्शसनेस' आणि 'अवेअरनेस' असा स्पष्ट भेद केला आहे : पहिले देहाबरोबर उगवते आणि मावळते, दुसरे अनादि आणि कारणरहित आहे. 'मी आहे' ही जाणीव या भेदात पहिल्या बाजूला येते. दासबोधातही जाणीव मूळमायेच्या, म्हणजे निर्गुणात उठलेल्या पहिल्या स्फुरणाच्या, पातळीवरची आहे आणि निर्गुण परब्रह्म तिच्या पलीकडचे आहे. म्हणजे मराठी परंपरेने 'जाणीव' हा शब्द एका विशिष्ट पायरीसाठी आधीच राखून ठेवला असताना, इंग्रजीतून परत येणाऱ्या 'अवेअरनेस'वर आपण तोच लावला, तर नेमका तो भेदच पुसला जातो.

म्हणून मी 'चैतन्य' घेईन. त्यातही दोष आहे : 'सभागृहात चैतन्य पसरले' यात तो केवळ उत्साहाचा पर्याय झाला आहे. 'चित्' अधिक काटेकोर आहे, पण त्याला मराठी विभक्ती लागली की तो 'चिता'जवळ जातो, आणि वाचक त्याला 'चित्त', म्हणजे मन, समजण्याचा धोका राहतोच. अमृतानुभवाच्या पाचव्या प्रकरणात ज्ञानेश्वर असे दाखवतात, की सत्, चित्, आनंद ही पदेदेखील असत्, जड आणि दुःख यांचा निरास करण्यापुरती आहेत. तेव्हा 'चैतन्य' जडाचा निरास करते एवढेच त्याच्याकडून अपेक्षावे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा' असे संबोधन आहे. 'स्वसंवेद्य', म्हणजे ज्याला जाणायला दुसरा लागत नाही ते, हे विशेषण पहिल्या उल्लेखात जोडल्यास उत्साहाचा अर्थ दूर राहील.

मूळ वाक्य मी असे करीन : 'विचार येतात आणि जातात, ज्याच्या प्रकाशात ते दिसतात ते स्वसंवेद्य चैतन्य मात्र येतही नाही आणि जातही नाही.' 'कायम' हा शब्द मुद्दाम गाळला आहे, कारण तो काळात टिकून राहणाऱ्या वस्तूचे चित्र उभे करतो. त्याच लेखात पुढे 'श्वासाचा अवेअरनेस ठेवा' असे आले, तर तेथे नि:शंकपणे 'श्वासाचे भान ठेवा' असे लिहावे.