'फ्रंटियर'ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न: "जेम्स फेनिमोर कूपर या अमेरिकन लेखकावर लेख लिहितेय. 'फ्रंटियर नॉव्हेलिस्ट'साठी 'सीमावर्ती कादंबरीकार' असं लिहिलं, पण तो चौकीवरचा जवान वाटतो. दुसरा शब्द आहे का?"

वाटतो खरा. सीमा किंवा सरहद्द म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन राज्यांमधली आखीव रेघ येते, ठाणं आणि पहारा येतो. युरोपात फ्रंटियरचा अर्थ तोच. 'वायव्य सरहद्द प्रांत' आणि 'सरहद्द गांधी' हे शब्द आपल्याकडे त्याच अर्थानं रुळले. अमेरिकेत मात्र हा शब्द वेगळ्या वाटेनं गेला. गोऱ्यांची वस्ती विरळ होत जिथे संपते आणि रान लागतं, तो पट्टा म्हणजे फ्रंटियर. हा पट्टा दर पिढीत पश्चिमेकडे सरकायचा. अशी सलग कड आता उरलेली नाही, असं १८९०च्या जनगणनेनं नोंदवलं.

कूपर या पट्ट्यातच वाढला. जन्म १७८९चा, न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनचा. तो वर्षाचा असताना कुटुंब न्यू यॉर्क राज्यातल्या ऑट्सेगो तळ्याकाठी राहायला गेलं. तिथलं कूपरस्टाउन हे गाव त्याच्या वडिलांनीच वसवलं होतं. म्हणजे रान तोडणाऱ्याच्या घरात वाढलेला हा मुलगा, आणि पुढे त्यानं नायक केला तो रानात राहणारा नॅटी बंपो.

माझ्या मते शब्दाचं उत्तर कूपरच्या १८२३च्या 'द पायोनियर्स' या कादंबरीत आहे. नॅटी म्हातारा झालाय. गाव वसण्याआधीपासून तो तळ्याकाठी शिकार करत आलेला. आता गावाला कायदा आलाय आणि बंदीच्या हंगामात हरीण मारल्यावरून प्रकरण पेटत जाऊन तो तुरुंगात पडतो. माणूस जागचा हलला नाही, कडच त्याच्या अंगावरून पुढे गेली! शेवटी तो पश्चिमेकडे निघून जातो. १८२७च्या 'द प्रेअरी'मध्ये तो मिसिसिपीपलीकडच्या गवताळ माळावर मरतो. ही कादंबरी कूपरनं बरीचशी पॅरिसमध्ये बसून लिहिली; तो माळ त्यानं कधी पाहिलेलाही नव्हता.

म्हणून मी 'शीव' सुचवेन. मूळ संस्कृत 'सीमा'च, पण मराठीत त्याला मातीचा वास आहे. गावाची शीव, शिवेवरचा धोंडा, शिवेची भांडणं. मुंबईचं शीव स्थानकही मुंबई आणि साष्टी या बेटांच्या हद्दीवरचं. अडचण एकच. आपली शीव जागची हलत नाही, धोंडा सरकवणं हा गुन्हाच. तेव्हा विशेषण जोडावं लागेल: 'सरकती शीव'.

'नववसाहतीचा कादंबरीकार' हा पर्यायही सुचेल, पण तो मला पटत नाही. त्यात पलीकडे कुणी राहत होतं हे पुसून जातं. शिवेला मात्र नेहमी दोन बाजू असतात. कूपरच्या कादंबऱ्यांतही त्या आहेत: नॅटीचा जिवलग चिंगाचगूक हा मोहिकन या तिथल्या मूळनिवासी जमातीचा आहे, आणि 'द पायोनियर्स'मध्ये तो बापजाद्यांच्या मुलखात परक्यासारखा मरतो. कूपरचं चुकलं ते 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' या १८२६च्या कादंबरीच्या नावात. मोहिकन संपले नाहीत. त्यांना पूर्वेकडून हुसकलं गेलं, पण त्यांचे वंशज आजही विस्कॉन्सिनमध्ये स्टॉकब्रिज-मन्सी समाज म्हणून नांदतात. तुमच्या लेखात हे वाक्य जरूर घाला.

शीर्षक 'सरकत्या शिवेचा कादंबरीकार' असं करा. पहिल्या परिच्छेदात एकदा 'फ्रंटियर' हा शब्द देऊन अर्थ सांगा, म्हणजे पुढे नुसतं 'शीव' लिहिलं तरी चालेल.